भरल्या ताटावरून उठलेला

ओव्याच्या वरची वाडी, पनवेल
रविवार, ८ फेब्रुवारी

प्रदीप,

तुला आठवत नसेल म्हणून आधीच सांगते, मी तुझी आई. नाव मंगळी. जैतूची बायको. ओव्याच्या वर डोंगराला टेकून जी वाडी आहे, तिथलं चिंचेखालचं घर तुझं. उजव्या पायाची करंगळी तू लहानपणी इथल्या दगडखाणीत ठेवून गेलास, ती शोधायला तरी कधी येशील असं वाटलं होतं. पण तू करंगळी विसरलास, आई विसरलास, आणि फोन कुठल्या बोटाने उचलतात तेही विसरलास.

म्हणून हे पत्र. फोन वाजून वाजून गप्प होतो. पत्र फाडायला तरी हात लागतो. मी सांगते आणि चर्चमधल्या संडे स्कूलच्या सोनाबाई लिहितात. त्यांच्या तासाला तू खिशात खेकडा घेऊन जायचास, त्या विसरलेल्या नाहीत. मी ‘हाय’ म्हटलं की त्या ‘आहे’ लिहितात, ‘नाय’ म्हटलं की ‘नाही’. मी म्हटलं, बाई, अशाने माझा पोरगा मला ओळखायचा नाही. त्या म्हणाल्या, तसाही कुठे ओळखतो. हे लिहू नका म्हटलं, तर लिहून झालं म्हणतात.

आता कामाचं. तू पाळक कमळाकरांना निरोप दिलास की ईस्टरला येतो आणि आपल्या लेकीला, पूर्वीला, नवापूरकडे, तू जिथे स्वयंपाकी आहेस त्या होस्टेलात घेऊन जातो. तिथे शिस्त आहे, देवाचं भय आहे, आजीच्या लाडाने पोर वाया चालली म्हणे. हे मला सांगायचं होतं ना? पाळकांचं तोंड बघायचं होतंस. कोंबडी चोरलेल्या कुत्र्यासारखं करून सांगितलं बिचाऱ्यांनी.

नाताळात काय झालं ते सोनाबाईंनाही ऐकू दे. पूर्वी चर्चमध्ये बायबलातलं वचन म्हणायला उभी राहिली, मधेच अडकली आणि हसली. नऊ-दहा वर्षांची पोर, अडकल्यावर हसेल नाही तर काय व्याख्यान देईल? तू तिला घरी आणलंस. होस्टेलातून आणलेली छडी काढलीस, मुठीला कापड गुंडाळलेली, म्हणजे तुझ्या हाताला लागू नये. तिचा उजवा तळवा उघडायला लावलास आणि वळ उठेपर्यंत मारलंस. मी ती छडी गुडघ्यावर मोडली, चुलीत घातली आणि तिच्यावर तुझा चहा केला. त्या चहाला तू तोंड लावलं नाहीस. भात वाढला होता, कोंबडीचा रस्सा वाढला होता, पाटावर बसला होतास. उठलास आणि चालू लागलास.

भरल्या ताटावरून उठू नये रे. माझी आजी म्हणायची, असा उठलेला माणूस निघून जातो, पण त्याची भूक घरातच बसून राहते. आता आपण प्रभूची माणसं, हे बोलू नये. पण कानात बसलंय ते काढू कुठून?

शास्त्रात पोरांसाठी काठी सांगितली आहे, मला माहीत आहे. तुम्ही वाचता, मी ऐकते, पण ऐकून ऐकून माझंही पाठ झालंय. मी लग्नाआधी ओव्यातल्या लोकांच्या शेळ्या राखल्या. काठी माझ्याही हातात होती. तिने करवंदीची जाळी बाजूला करायची, साप हुसकायचा, दरीकडे गेलेल्या करडाच्या गळ्याला आकडा घालून वर ओढायचं. शेळीला मारलं तर काय होतं ठाऊक आहे? काही होत नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून ती लांब चरते.

आणि लाड म्हणशील, तर ऐक. मागे पूर्वीने शेजारच्या चंद्रावतीच्या खुराड्यातून अंडी उचलली. विचारलं तर नाही म्हणाली. मी म्हटलं, बरं. दोघी पाटावर बसू. खरं बाहेर येईपर्यंत चूल पेटणार नाही. तूही उपाशी, मीही उपाशी. बसलो. पोरगी तुझ्यासारखीच, दगड. शेवटी माझ्या पोटातून आवाज आला, तिने माझ्याकडे बघितलं आणि रडतच बोलली. मग चंद्रावतीच्या दारात जाऊन दोघींनी हात जोडले. चंद्रावती म्हणाली, “अगं मंगळे, तू कशाला?” म्हटलं, चोरी माझ्या घरची, मग मी कशाला म्हणजे? पूर्वीने तिचं खुराडं झाडून दिलं, अजून झाडते, कोंबड्यांशी मैत्री झाली आहे. त्या दिवशी प्रार्थनेत ती आपल्या मनाने म्हणाली, प्रभू, माझ्यापायी आजीला उपाशी ठेवू नको. तुझ्या छडीने हे वाक्य निघालं असतं?

बाकी बरं आहे. तुझ्या लग्नात चर्चने दिलेली भिंतीवरची पाटी पूर्वी आता वाचून दाखवते. प्रभू या घराचा धनी आहे आणि न दिसता आपल्या पंगतीला बसतो, असं त्यावर आहे म्हणे. मग तिचा हट्ट, पाहुणा आहे तर त्याला वाढायचं. रविवारी चर्चवरून आलो की दारापाशी एक पान मांडतो. अन्न वाया जात नाही, कुणीतरी खाऊन जातं. मांजर असेल.

तुझी आई


ओव्याच्या वरची वाडी
रविवार, २२ फेब्रुवारी

प्रदीप,

उत्तर नाही. चालायचंच. तुझा बापही ताडीच्या झाडावर चढला की खालच्याला उत्तर द्यायचा नाही.

ईस्टरआधीचे उपासाचे दिवस लागले. सोनाबाईंनी चहा सोडलाय, त्यामुळे आज त्यांचं अक्षर वाकडं येईल. मी काही सोडलं नाही. जन्मभर मिळालं नाही तेव्हा सोडून झालंय.

मांजराबद्दल सांगायचं राहिलं. मांजर नाही. मांजर भात खाईल, सुकट खाईल, पण पान दुमडून ठेवील का? आपल्या घरात जेवून झालं की पान पोटाकडे दुमडतात. तुझ्या बापाची शिस्त. दाराजवळचं पान दर रविवारी तसंच दुमडलेलं मिळतं. आणि शेजारच्या वाटीतलं पाणी संपलेलं.

मी पूर्वीला बसवलं आणि सरळ विचारलं, तू खातेस का? ती म्हणाली, “मी कशाला खाऊ? तो खातो ना.” कोण तो? “पाहुणा.” आणि असं म्हणाली जसं कोणी म्हणेल, दूधवाला.

तू असतास तर काय केलं असतंस ते माहीत आहे. खोटं बोलते म्हणून तळवा उघडायला लावला असतास. मी तिचं तोंड बघितलं. अंडी चोरली होती तेव्हा खालचा ओठ आत गेला होता. या वेळी गेला नाही. प्रदीप, खोट्या पोराला वळण लावता येतं. खरं बोलणाऱ्याला काय लावू? नको ते खरं बोलू नको, असं?

म्हटलं, सांग कसा आहे. ती म्हणाली, मान खाली घालून बसतो, म्हणून तोंड दिसत नाही. बोलत नाही. डाव्या हाताने जेवतो. मी म्हटलं, प्रभू डाव्या हाताने कशाला जेवेल? तर म्हणाली, “उजवा पाठीमागे धरलेला असतो. दाखवत नाही.”

भर दुपारची वेळ होती. चिंचेत कावळे भांडत होते, डोक्यावरून विमान उतरत होतं. आता ती रोजच नव्या विमानतळावर उतरतात, आपल्या कौलांना हात लावून गेल्यासारखी. एवढ्या उजेडात माझ्या मानेवर काटा आला.

मी हळूच विचारलं, आई आहे का ती? संजनाला जाऊन आता तिसरा पावसाळा येईल. तापात गेली तेव्हा पोरीला नीट निरोपही घेता आला नाही. पण पूर्वी माझ्यावरच चिडली. “आजी, आई मला माहीत आहे. ही आई नाही.”

आता एक गोष्ट सांगते, ओरडायचं नाही. सोनाबाई, तुम्हीसुद्धा नाही. पहिल्यांदा पान मांडायचं म्हणून ती हट्ट धरून बसली तेव्हा पाहुण्याला कसं वाढायचं ते मला कुठे ठाऊक? न दिसणाऱ्याला वाढायची माझ्या हातांना एकच रीत माहीत, पितरांची. केळीचं पान, दाराच्या डाव्या अंगाला, टोक बाहेर. पाणी उलटं फिरवायचं. आणि म्हणायचं, या घरचं जे कोणी उपाशी असेल त्याने यावं. हात आपोआप चालले, तोंडही चाललं. पूर्वी शेजारी बसून प्रभूची प्रार्थना म्हणत होती. मला वाटलं, चालेल. देवाला सगळ्या भाषा येतात.

सोनाबाईंनी लेखणी खाली ठेवली होती. आता उचलली.

पाहुण्याचं त्यांनी आधीच पाळकांना सांगितलं होतं. पाळक आले, प्रार्थना केली, चांगली लांब केली. मग म्हणाले, मुलांच्या मनाचे खेळ असतात, हळूहळू जाईल. पण प्रार्थना करताना त्यांचा पाय पानाजवळ होता, तो त्यांनी मधेच काढून घेतला. मी डोळे मिटले नव्हते.

आई


ओव्याच्या वरची वाडी
रविवार, ८ मार्च

प्रदीप,

तू जिवंत आहेस का?

आधी हे लिहा म्हटलं. बाकीचं मागून.

आपल्यात माणूस गेला की दहाव्याला पीठ पसरून वर टोपली झाकतात आणि कुणाचं पाऊल उठतं ते बघतात. बाप्तिस्म्यानंतर पाळकांनी ते बंद केलं, बरोबरच केलं. आज मी पसरलं ते देव बघायला नाही, चोर बघायला. नाचणीचं पीठ, चाळणीने, पानाच्या चारी बाजूंनी. सोनाबाईंना मुद्दाम जेवायला बोलावलं. म्हटलं, शिकलेल्या बाईने बघावं, मग मला कोणी वेडी म्हणणार नाही.

तिघी पाटीखाली बसलो. पूर्वीने जेवणाआधीचा आशीर्वाद मागितला. अंगणात चंद्रावतीच्या कोंबड्या आल्या होत्या, त्या एकदम गप्प झाल्या. मी दाराकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि तिकडेच बघत होते. काही दिसलं नाही. ऊन होतं, पान होतं, पानावर भात होता. मग सोनाबाईंनी आमटी मागितली, मी पळी घ्यायला वळले, परत बघते तर पान दुमडलेलं.

पूर्वी म्हणाली, “आज लवकर उठला. तुम्ही दोघी बघता म्हणून लाजला.”

पिठात पाऊल होतं. एकच. उजवं. आत आल्याचं नाही, बाहेर गेल्याचं नाही, बसणाऱ्याने मांडी घालताना टेकवावं तसं. टाच, तळवा, अंगठा, पुढची तीन बोटं, आणि करंगळीच्या जागी नुसतं पीठ. गुळगुळीत. तसंच चाळणीतून पडलेलं.

मी सोनाबाई लिहीत आहे. प्रदीप, मी हे डोळ्यांनी पाहिलं. मी तुला लहानपणापासून ओळखते आणि मी खोटं लिहिणार नाही. पुढचं मंगळीबाय सांगतात ते लिहिते आणि घरी जाते.

मी तुला मेलेलाच धरलं. छाती बडवायला हात उचलला, पण पूर्वी समोर होती. तिला अजून कळलेलं नाही. ती त्या पावलाकडे बघून म्हणाली, याला एक बोट कमी आहे, बिचारा. बापाचे अनवाणी पाय तिने कधी नीट बघितलेत? नाताळात तू मोजे घालूनच घरात वावरलास.

पाळकांना धावत गाठलं. त्यांनी होस्टेलात फोन लावला. महादेव नावाच्या वॉचमनने उचलला. पाळकांनी फोन मोठ्या आवाजावर ठेवला. महादेव म्हणाला, “प्रदीप ना? आहे की. बरा आहे. फक्त रविवारचं त्याचं काही कळत नाही. पोरांना जेवण वाढतो आणि स्वतः कोठीत जाऊन आडवा होतो. हाका मारा, हलवा, उठत नाही. अंग गार. पहिल्यांदा आम्ही घाबरलो, आता सवय झाली. थोड्या वेळाने उठतो, डावा हात धुतो, ढेकर देतो. जेव म्हटलं तर म्हणतो, भूक नाही.”

पाळक माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, डावा हात का म्हणून विचारा. महादेव म्हणाला, “ते तुम्ही त्यालाच विचारा.”

तर तू जिवंत आहेस. आणि नवापूरला झोपून पनवेलला जेवतोस. गाडीभाडं वाचवलंस, शाबास.

हसते आहे मी, पण दाराजवळचं पीठ अजून झाडलेलं नाही.

आई


ओव्याच्या वरची वाडी
रविवार, २२ मार्च

प्रदीप,

आता तुझी पोर लिहिते हाय. सोनाबाय येत नाय. गुडघे दुखतात असा निरोप धाडलाय. गुडघे नाय, धीर दुखतो. (आजी सांगते तसंच मी लिहिते. आजी म्हणाली एक पण शब्द सुधारायचा नाय.)

पूर्वीला मी सगळं सांगितलं. तो पाहुणा म्हणजे तिचा बाप हाय म्हणून. पोरांपासून लपवलं की पोरं भितात, सांगितलं की विचार करतात. ती म्हणाली, म्हणून उजवा हात मागं ठेवतो. (हो, मी बोलले.)

मग मी ठरवलं, पान बंद. का ते ऐक. तुला असं चोरून जेवायला मिळालं तर तू पायानं कधी येणार? भूक भागते, लाज पण झाकते, मग बरंच की! पोर चुकलं तर मी त्याला पाटावर बसवते, तर माझं पोर चुकलं त्याला काय पानावर बसवू? ज्या रीतीनं तिला वळण, त्याच रीतीनं तुला.

तर आज पान नाय मांडलं. दोन ताटं, तिचं आणि माझं. नाचणीची भाकर, वांगं. आशीर्वाद मागितला. पयला घास घेतला आणि कोंबड्या गप.

दारातून ऊन येतं ना, जमिनीवर चौकट पडते ती? त्या चौकटीत माणसाची सावली. मान खाली. एक हात पाठीमागं. मी वर बघितलं तर दारात कोणी नाय. चिंच दिसते, वाट दिसते, खालची ओव्याकडची उंच बिल्डिंगं दिसतात. मधे कोणी नाय. सावली तिथंच. वरून विमान गेलं, त्याची सावली तिच्यावरून सरकली, तरी ती हालली नाय.

आधी मी पूर्वीला मागं ओढलं. पण आई हाय मी. म्हटलं, “पान नाय मिळणार. या घरात चोरून जेवायचं नाय. जेवायचं तर वाट धरून ये, तोंड दाखव.”

सावली खाली वाकली. उंबऱ्याशी बसली, पान नव्हतं तरी.

पूर्वीचा घास हातातच. “आजी, त्याला लय भूक लागलेय.” मी म्हटलं, मला दिसतंय. “देऊ का?” म्हटलं, तू ठरव. मारलं तुला, मला नाय. तू दे नायतर देऊ नको, मी रागवणार नाय. हे मी खरं बोलले. आणि आतून मेल्यागत झाले, कारण ती नाय म्हणाली असती तर मी पण नायच म्हणणार होते.

ती उठली. आपली अर्धी भाकर घेतली. उंबऱ्याशी गेली आणि माझ्याच आवाजात म्हणाली, “उजवा हात.”

सावली हालली नाय.

“उजवा हात दाखव. नायतर नाय देणार. मी बसते इथं, मी पण नाय जेवणार.”

आणि बसली पण. ताट निवलं. मी तसाच घास हातात धरून. मग सावलीचा हात पाठीमागून हळूहळू पुढं आला. लहान पोर आणतं ना, मागं काय लपवलंय दाखव म्हटल्यावर, तसा. पूर्वीनं वाकून बघितलं. मला तिथं नुसतं ऊन दिसत होतं. ती म्हणाली, “आजी, याच्या पण हातावर हायत.”

काय?

“वळ. माझ्यासारखेच. याचे अजून गेले नाय.”

तिनं त्याच्यावर फुंकर घातली. मग भाकर पुढं धरली. आणि भाकर तिच्या हातातून गेली. खाली नाय पडली. मी उंबऱ्याच्या अलीकडं बघितलं, पलीकडं बघितलं, कोंबड्यांच्या चोचीत पण बघितलं. गेली.

(बाबा, मी घाबरले नाय. हात थंड होता.)

हे शेवटचं. पुढच्या रविवारी काय पण मिळणार नाय. पायानं ये.

आई. आणि लिहिणार पूर्वी प्रदीप.


ओव्याच्या वरची वाडी
झावळ्यांचा रविवार, २९ मार्च

प्रदीप,

सोनाबाई परत आल्या. हातात झावळीचा क्रूस, गुडघे एकदम बरे. पूर्वीने आपल्या पत्राची कच्ची प्रत त्यांना वाचायला दिली. म्हणाल्या, शुद्धलेखन भयंकर आहे, आणि डोळे पुसले. आता पुन्हा ‘आहे’ आणि ‘नाही’ सुरू. हे पत्र टपालाने नाही, फोटो काढून महादेवच्या मोबाईलवर टाकणार आहेत, कारण ईस्टर आठवड्यावर आला आहे.

काल तू पाळकांच्या फोनवर आलास. मला फोनवर बोलता येत नाही, माणूस दिसत नाही आणि उत्तर लगेच मागतात. म्हणून तिथे मी नुसतं हं हं केलं. उत्तर आता देते.

तू म्हणालास, त्या रविवारी कोठीत उठलास तेव्हा तोंडाला नाचणीची चव होती, आणि तुमच्याकडे नाचणी येतच नाही. म्हणालास, नाताळापासून उजव्या तळव्यावर वळ आहेत, मलम लावून जात नव्हते, डॉक्टर म्हणाले काही दिसत नाही. तुला दिसत होते. मग मोठ्या सरांनी एका पोराला छडी द्यायला सांगितली आणि तुझा हात खांद्याच्या वर गेलाच नाही. आणि मग तू जे विचारलंस ते ऐकून पाळक खोलीबाहेर गेले. तू विचारलंस, “आये, मी मेलोय का?”

नाही रे बाबा. मेलेली माणसं एवढं रडत नाहीत.

वळ आता उतरतायत म्हणालास. उतरतील. तिने फुंकर घातली आहे.

तू म्हणालास, येऊ का, पूर्वीला न्यायला नाही, नुसतं जेवायला. मी ते तिच्यापुढे ठेवलं. तिने विचार केला, चांगली सबंध दुपार. तिचं उत्तर असं आहे. तू ये. ती इथून हलणार नाही, शाळा इथे, कोंबड्या इथे, आजीला वाचून दाखवायला कोणी नाही. दर महिन्याला यायचं असेल तर यायचं. हात रिकामे आणायचे. आणि आल्या आल्या जेवण नाही. आधी तिघांनी पाटावर बसायचं. तुझ्या तोंडून खरं बाहेर येईपर्यंत चूल पेटणार नाही. तूही उपाशी, तीही, मीही. माझं वय बघून लवकर बोल.

हे मी शिकवलेलं नाही. म्हणजे शिकवलंय, पण तुझ्यासाठी नव्हतं.

आणखी एक. सोनाबाई म्हणतात हे लिहू नका, मी म्हणते लिहा. आज पूर्वीने तरीही एक पान मांडलं. मी हात लावला नाही. दाराशी नाही, घराच्या मधोमध, पाटीखाली, टोक आडवं, जिवंत माणसाला मांडतात तसं. पाणी फिरवलं नाही. कोणाला हाकही मारली नाही, नुसता आशीर्वाद मागितला. मी पीठ पसरलं, सवयीने. तू आज कोठीत झोपला नव्हतास. महादेवला विचारलं, तू दुपारभर त्याच्याशेजारी बसून भाजी निवडत होतास, पोटभर जेवलास.

जेवण झालं आणि बघितलं तर पान दुमडलेलं होतं. पिठात एकही पाऊल नव्हतं. कोंबड्या अंगणात नेहमीसारख्या कलकलत होत्या, एकही गप्प झाली नव्हती.

मी पूर्वीकडे बघितलं. खालचा ओठ आत गेला नव्हता. ती म्हणाली, “आजी, हा बोलतो.”

काय बोलला ते मी विचारलं नाही. सगळंच विचारायचं नसतं. सोनाबाई गुडघ्यांवर होत्या, त्याच दुखऱ्या.

तर आता तुझं काम. महादेवचा भाऊ टेम्पो घेऊन कळंबोलीला येतो ना, त्याच्याकडे तूरडाळ दे, तुमच्या नवापूरची, नवी, सालं काढलेली. शुक्रवारच्या आत रोडपालीच्या नाक्यावर उतरवायला सांग, चंद्रावतीचा मुलगा घेऊन येईल. लसूण पाठवू नको, इथे आहे. आणि डाळ तिघांपुरती मोजू नकोस, एका माणसाची जास्त घाल.